अकरा मोऱ्यांची उतरण

वडील नालीत पडले हे मला शेजारच्या काकूंच्या पत्रातून कळलं. त्याच आठवड्यात आलेल्या वडिलांच्या पत्रात नालीचं नावसुद्धा नव्हतं. अंगणातल्या पेरूला यंदा फळ चांगलं धरलंय, थंडीत येशील तेव्हा खाशील, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. अक्षर मात्र ओळ सोडून खाली उतरत गेलं होतं आणि शेवटची दोन वाक्यं एकमेकांवर चढली होती.

एकोणीसशे सत्तरच्या आगेमागेची ही गोष्ट. मी नागपुरात शाळेत शिकवत होते आणि दोन खोल्यांत एकटी राहत होते. वडील बालाघाटला, मी वाढले त्याच घरात, तेही एकटेच. आईला जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की बाजूचं दिसणं गेलं ते गेलं, कुठल्याही ऑपरेशननं परत यायचं नाही. समोरचं उरलंय ते थेंब टाकून सांभाळा. त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर ते वाचत, पण पायाशी ठेवलेली बादली त्यांना दिसत नसे.

संक्रांतीनंतर रजा टाकून मी गेले ती त्यांना घेऊन यायचंच ठरवून. हातपाय धुतले आणि विषय काढला.

"बाबा, नालीत कसे पडले तुमी?"

"मी कायले पडू? नालीच रस्त्यावर आली होती."

दोन दिवस आमचं हेच चाललं. मी म्हणायची, चला नागपूरला. ते म्हणायचे, तिथं मी काय करू, तुह्या शाळेत घंटा वाजवू? मी आवाज चढवला की ते पेरू कापायला घ्यायचे. आई असताना म्हणायची, बापलेकीचं डोकं एकच आहे, दोन धडांवर बसवलंय. तिच्या फोटोखाली बसून आम्ही तेच खरं करून दाखवत होतो. घरात बुद्धाच्या तसबिरीपुढे रोज सकाळी उदबत्ती ते स्वतः लावत, आणि काडी बरोबर उदबत्तीला टेकेपर्यंत मी श्वास रोखून बसत असे.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली.

"वरच्या खदानीत जाऊन येऊ. सकाळच्या बसनं. मी कुठी पडलो तं तुह्यासंगं नागपूरले येतो. नाई पडलो तं तू नागपूरचं नाव काढाचं नाई."

"आणि मी हात धरला तं?"

"हात धरला तं तू हरली."

वरची खदान म्हणजे परसवाड्याच्या रस्त्यावर उतरून डोंगरात दोन कोस आत असलेली मँगनीजची जुनी खाण. दुसरं महायुद्ध संपल्यावर काही वर्षांत ती बंद पडली. वडील सतराव्या वर्षी तिथे ब्रेकवाले म्हणून लागले आणि बंद पडेपर्यंत तिथेच होते. लहानपणी मी त्या खदानीच्या गोष्टी इतक्या ऐकल्या होत्या की मला त्यांचा कंटाळा यायचा. पण आईवडिलांबरोबर तिथे कधी गेले नव्हते. मी लगेच हो म्हटलं, कारण मला वाटलं, ही तर जिंकलेलीच पैज आहे.

सकाळी तांदळाच्या भाकरी आणि लसणाची चटणी डब्यात घेऊन निघालो. कंडक्टरनं कुठलं तिकीट म्हणून विचारलं तेव्हा वडिलांनी खदानीचं नाव सांगितलं. "वहाँ अब क्या रखा है, बाबूजी?" तो म्हणाला. "मेरी नौकरी," वडिलांनी सांगितलं. आमच्या मागे बसलेली दोन माणसं हसली. वडील नाही हसले.

बसमधून उतरल्यावर रस्त्याच्या कडेला दगडी धक्का दिसला. माल भरलेले डबे डोंगरावरून इथे येऊन रिकामे होत. धक्क्यामागून सरळ एक बांध जंगलात शिरत होता, आणि मी तिकडे निघाले तर वडिलांनी काठी आडवी धरली.

"तिकडून नाई. ती भरल्याची वाट. आपण रिकाम्याच्या वाटेनं जायाचं."

खदानीला दोन लाइनी होत्या. मालानं भरलेले डबे एका लाइनीनं नुसत्या उताराच्या जोरावर खाली यायचे, डब्यांवर उभे राहून माणसं ब्रेक दाबायची. रिकामे डबे बैल ओढून वर न्यायचे, त्यांची लाइन वेगळी, वळणावळणाची आणि चढ कमी असलेली. भरल्याच्या वाटेनं चढायचं नाही आणि रिकाम्याच्या वाटेनं उतरायचं नाही, हा पहिला नियम. वडील म्हणत, भरल्याच्या वाटेनं चढणारा एक तर डब्याखाली यायचा, नाहीतर मुकादमाच्या हाती लागायचा, आणि त्यापेक्षा डबा बरा. रूळ कधीच काढून नेले होते, बैल नव्हते, मुकादम नव्हता. "आता कोण येतंय डबा घेऊन?" मी म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही आणि डावीकडच्या पायवाटेला लागले.

वाट सुंदर होती, हे मला कबूल करावंच लागेल. साजा आणि धावड्याची उंच झाडं होती. मध्येच बांबूची बेटं लागत, आणि खाली वाळलेल्या पानांचा थर होता. ऊन वर आलं तशी थंडी अंगावरून हळूहळू उतरली. वानरांची एक टोळी आमच्याबरोबर काही अंतर चालली आणि मग कंटाळून निघून गेली. वडील पुढे, मी मागे. ते पाय उचलून टाकत नव्हते, जमिनीलगत सारत होते. दगड लागला की बूट आधी त्याला टेकायचा, मग ओलांडायचा. मी मनात लाल पेन्सिल घेऊनच चालले होते. एकदा मुळाला अडखळले. मी खूण केली. एकदा फांदी कपाळाला लागली. दुसरी खूण. पण पडले नाहीत.

आणि खरं सांगायचं तर त्यांनी पडावं असं मला वाटत होतं. फार नाही, गुडघा खरचटेल इतकंच. बापाबद्दल असा विचार करणारी मुलगी मी आहे हे त्या जंगलात कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. तरी विचार जाईना.

अर्ध्या वाटेत बैलांसाठी बांधलेली दगडी टाकी होती. झाडीत ती मला हात लावेपर्यंत दिसली नाही. वडील मात्र दहा पावलं आधीच म्हणाले, "आता टाकी येईल, उजव्या अंगानं जाय." टाकीत पाण्याऐवजी पानं होती. ते काठावर बसले, बुटातली माती झटकली आणि माझ्याकडे बघून हसले. मी तिसरी खूण करायची ती राहिली.

माथ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. डोंगराचा कोणीतरी मोठा घास घेतलाय असा तो खड्डा होता, तळाशी हिरवं पाणी. एका बाजूला सुरुंगाची दारू ठेवायची बिनखिडकीची कोठडी, छप्पर गेलेलं. आणि समोर मोकळं सपाट मैदान, त्यावर काळ्या खड्यांचा चर्रचर्र आवाज करणारा थर. बायका इथे ओळीनं बसून हातोडीनं माल फोडायच्या, चांगला वेगळा आणि टाकाऊ वेगळा. त्या ओळीत माझी आई होती.

वडिलांनी वाकून एक खडा उचलला. हातात तोलला, दुसऱ्या खड्यावर आपटून कानाशी नेला. "हा चालला असता," ते म्हणाले. "तुह्या आईले पाहाची गरजच नोती पडत. हातात घेतला की सांगे."

भाकरी खाताना त्यांनी मला ब्रेकवाल्यांची रीत सांगितली. गोष्ट जुनीच होती, पण त्या जागेवर बसून ऐकली तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. सहा डब्यांची एक गाडी. पुढच्या डब्यावर एक ब्रेकवाला, शेवटच्या डब्यावर दुसरा. मधल्या डब्यांवर मालाचे ढीग, त्यामुळे पुढच्याला मागचा दिसत नसे. मधली साखळी तुटली तर मागचे डबे सुटून पुढच्यांच्या अंगावर येणार. म्हणून वाटेत ज्या अकरा मोऱ्या होत्या, ओढ्यावरचे छोटे दगडी पूल, त्यातली प्रत्येक ओलांडली की मागच्यानं मोठ्यानं "हौ" म्हणायचं. म्हणजे गाडी पूर्ण आहे. हौ ऐकू आला नाही, की पुढच्यानं काही विचार न करता ब्रेक दाबायचा. मागे वळून बघायचं नाही, विचारायचं नाही. आधी थांबायचं.

"तुही आई इथंच बसे," ते म्हणाले. "आमची गाडी निघाली की हातोडी खाली ठेवे. चौथ्या मोरीवरला हौ इथवर ऐकू येये. त्याच्या पुढचा नाई. चौथा ऐकला की मंग हातोडी उचले."

"आणि बाकीच्या सात मोऱ्या?"

"त्या सातांचं तिनं मले कधी सांगतलं नाई." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "लगनानंतर सांगतलं."

आईचा विषय निघाला की ते एरवी उठून जात. त्या दिवशी बसून राहिले, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की नागपूरचं नाव पुन्हा काढूच नये असं वाटलं. पण मग त्यांनी उठताना हात टेकायला जागा चाचपली, आणि हात तीन वेळा हवेत गेला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

निघताना लाकडाची मोळी घेतलेली एक गोंड बाई भेटली. वडील खालच्या बांधाकडे वळलेले पाहून ती थांबली. "बाबूजी, उधर से अब कोई नहीं जाता."

"कोई नहीं जाता, तभी तो रास्ता अच्छा होगा," वडील म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिच्याकडून नीट विचारून घ्यायला हवं होतं, पण मी थकले होते आणि उताराची वाट लवकर संपेल एवढंच डोक्यात होतं.

"मी पुढे, तू मागं," वडिलांनी सांगितलं. "मोरी आली की हौ म्हणाचं. विसराचं नाई."

तर अशी आमची गाडी सुटली. भरल्याची वाट सरळ आणि रुंद होती, उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी. पहिली मोरी आली. खाली दगडांची सुबक कमान, बांधतानाचा चुना अजून सांध्यांत होता. मी ओलांडली आणि हळूच हौ म्हटलं. मोठ्या वयाच्या बाईनं जंगलात हौ हौ ओरडायचं म्हणजे लाजच वाटत होती. वडील जागीच थांबले. मी जोरात म्हटलं तेव्हा निघाले.

दुसरी, तिसरी, चौथी. चौथीला मी माथ्याकडे मान वळवून म्हटलं. का ते सांगायला नको.

मोरी येतेय हे मला दिसायच्या आधी वडिलांच्या पायाला कळायचं. मातीचा आवाज बदलून दगडाचा होई, आणि ते बोट वर करत. त्यांची चाल बदलली होती. सकाळी पाय सारत चालणारा माणूस आता पावलं टाकत होता, पाठ ताठ, काठी काखेत. सहावी, सातवी. माझ्या लक्षात आलं की मी पैज हरले आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी मनातल्या मनात नागपूरच्या खोलीचं भाडं, माझी बदली, बालाघाटच्या शाळेतली जागा असा हिशोब मांडायला लागले. आपणच परत यावं, दुसरं काय. त्या नादात मी मागे पडले.

आठव्या मोरीवर मी आले तेव्हा वडील तिथून वीसेक पावलं पुढे होते. मी मान वर केली आणि त्यांच्या पुढे वाट नव्हती. नववी मोरी वाहून गेली होती. कुठल्यातरी पावसाळ्यात ओढ्यानं बांधच तोडून नेला होता, आणि दोन पुरुष खोल खड्ड्यात कमानीचे दगड पडलेले होते. पलीकडे वाट पुन्हा सुरू होत होती, सरळ, रुंद, उन्हात. वडिलांना ती पलीकडची वाट दिसत होती. पायाखालचा खड्डा दिसत नव्हता.

त्या क्षणी मी हुशारीनं गप्प राहिले, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे. मला थांबा म्हणून ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आणि आवाज निघालाच नाही. भीतीनं वाचा बसते म्हणतात, ती बसली. आठव्या मोरीवर उभी राहून मी नुसती बघत होते.

वडिलांनी आणखी दोन पावलं टाकली. मग उजवी टाच जमिनीत रुतवून ते उभे राहिले. दोन्ही हात पुढे, ब्रेकचा दांडा धरल्यासारखे. मागे वळले नाहीत.

मी धावले. त्यांच्या आणि खड्ड्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. कडा तीन पावलांवर होती.

"काहून हौ नाई म्हटलं?"

तीन पावलांवर खड्डा आहे, नववी मोरी नाही, असं सांगायचं की झालं. तेवढ्यावर मी जिंकले असते. पण ते ताठ उभे होते, कपाळावर घाम होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते कुणाचे म्हातारे वडील दिसत नव्हते, कामावरचा माणूस दिसत होते.

"चपलेचा अंगठा तुटला," मी म्हणाले.

"मंग पिन लाव."

मी बांगडीत अडकवलेली पिन काढली, खाली बसले आणि पिन लावायचं नाटक केलं. मग म्हटलं, "बाबा, इकडं खाली बोरं पिकली आहेत, तोडून घेऊ," आणि बाजूच्या उतारानं त्यांना ओढ्यात उतरवलं. हात धरला नाही. पदराचं टोक त्यांच्या हाताला लागेल इतकी जवळून चालले. बोरं खरंच होती. आम्ही मूठभर तोडली, ओढा ओलांडला, पलीकडून वर बांधावर चढलो. वर आल्यावर मी मागे राहून मोठ्यानं "हौ" म्हटलं. वडील क्षणभर थांबले, बोराची बी थुंकली आणि चालायला लागले. दहाव्या मोरीला आणि अकराव्या मोरीला मी बरोबर जागेवर हौ म्हटलं.

संध्याकाळच्या बसमध्ये ते गाढ झोपले. घरी आल्यावर मीच म्हटलं, "नाई पडले तुमी. जिंकले." ते हौ म्हणाले, आणि पैजेबद्दल आम्ही दुसरं काही बोललो नाही. माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती.

सकाळी उठले तर वडील दाराच्या पायरीवर बसले होते. माझ्या दोन्ही चपला त्यांच्या मांडीवर. एकेका चपलेच्या अंगठ्यावरून ते बोट फिरवत होते, पुढून, मागून, शिवणीवरून.

"साबूत आहे," ते म्हणाले. "पिनेचं भोकबी नाई."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"नववी मोरी नाई राह्यली ना?"

"नाई."

"किती दूर होतो मी?"

"तीन पावलं."

त्यांनी चपला खाली ठेवल्या, एकमेकींना नीट लावून. अंगणातल्या पेरूकडे पाहिलं. मला वाटलं ते चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "माही पेटी काढ वरून. माहे हात नाई पोचत."

"बाबा, तुमी जिंकले आहात."

"जिंकलोच आहे. म्हणून तं येतो. हरून नसतो आलो." ते उठले, चौकटीला हात लावून. "पण हात धराचा नाई माहा. मी पुढे चालीन. तू मागून हौ म्हणत जाय."

दुपारी स्टेशनावर छोटी गाडी फलाटाला लागलेली होती. हमाल पेटी घेऊन पुढे गेला, त्याच्यामागे वडील, ताठ, काठी काखेत, आणि त्यांच्यामागे मी, पेरूची पिशवी घेऊन. फलाटावर गर्दी होती. मध्ये नळाच्या पाण्याची एक उघडी नाली आडवी गेली होती. वडील तिच्या अलीकडे येऊन थांबले. मी पुढे वाकून पाहिलं, एक मोठं पाऊल पुरे होतं.

"मोठं पाऊल, बाबा," मी म्हणाले.

ते हलले नाहीत. तेव्हा मला आठवलं, आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं मी हौ म्हटलं.